किडनी फक्त लघवी तयार करत नाही



मी वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट आहे. रंगकाम करणारा एक माणूस, वय पस्तीस-छत्तीस. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गावाकडे मयत झाली म्हणून तो गेला आणि डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या. परत आला तो पार गळून गेलेला. बायकोने उसने पैसे घेऊन शहाळी आणली. सकाळ-संध्याकाळ शहाळ्याचं पाणी, मधे मोसंबीचा रस. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचे पाय उचलेनात. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आणलं. ईसीजी काढला, सलाईनमधून औषधं सुरू केली, पण डायलिसिसच्या मशीनला जोडायच्या आत त्याचं हृदय थांबलं.

पहाटे त्याची बायको मला म्हणाली, "सिस्टर, लघवी तर त्यांना होत होती. आणि मी शहाळ्याचंच पाणी दिलं हो, दुसरं काही वाईट नाही दिलं."

त्या बाईची काही चूक नव्हती. तिच्या फाईलमधल्या कागदावर 'पोटॅशियम कमी घ्या' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. पोटॅशियम म्हणजे काय, ते कशात असतं, ते वाढलं तर काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. त्या वॉर्डात मी रोज गोळ्या वाटत होते, बीपी मोजत होते, पण पाच मिनिटं बसून बोलले नव्हते.

तिच्या त्या बोलण्यात दोन समज होते आणि ते आपल्या वस्तीत घरोघरी आहेत. एक, लघवी होते म्हणजे किडनी ठीक आहे. दोन, जी वस्तू चांगली ती सगळ्यांना चांगली. आज या दोन्ही समजांबद्दल बोलू. त्यासाठी किडनी नेमकं काय करते ते आधी समजून घ्यावं लागेल.

आधी सगळं बाहेर, मग हवं तेवढं आत

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आत एकेक किडनी असते. आकार आपल्या मुठीएवढा, वजन साधारण दीडशे ग्रॅम. एवढ्याशा या जोडीकडे हृदय दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त पाठवतं. हृदयातून निघणाऱ्या एकूण रक्ताचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. फक्त लघवी बनवायची असती तर एवढ्या रक्ताची गरज नव्हती.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नळी जोडलेली असते. आपल्याला वाटतं, किडनी रक्तातली घाण वेचून बाहेर टाकते. प्रत्यक्षात ती उलट काम करते. घराला रंग देताना आपण काय करतो? भांडी, कपडे, पेट्या, सगळं सामान ओट्यावर काढतो आणि मग हवं तेवढंच परत आत घेतो. नको ते बाहेरच राहतं. किडनी हेच करते. गाळणीतून रक्तातलं पाणी, मीठ, साखर, सगळे क्षार बाहेर काढते. रक्ताच्या पेशी आणि प्रथिनं मात्र मोठी असल्यामुळे आतच राहतात. मग पुढच्या नळीत एकेक वस्तू तपासून जी हवी ती परत रक्तात घेते.

हे किती वेळा चालतं? दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत आत. आपल्या रक्तातला पाण्याचा भाग असतो तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठएक वेळा गाळून निघतं. मिठाचा हिशेब केला तर किडनी रोज जवळजवळ दीड किलो मीठ ओट्यावर काढते आणि आपण त्या दिवशी जेवढं खाल्लं साधारण तेवढंच बाहेर ठेवून उरलेलं आत घेते.

म्हणून लघवी किती झाली हा प्रश्न अपुरा आहे. त्या लघवीतून काय गेलं आणि काय राहिलं, हा खरा प्रश्न. किडनी खराब झाली की पुष्कळांना लघवी पहिल्यासारखीच होत राहते. रंगसुद्धा पाण्यासारखा स्वच्छ. पण निवड करणारी नळी थकलेली असते. जे जायला हवं ते आत राहतं. रंगकाम करणाऱ्या त्या माणसाला लघवी होत होती, हे खरंच होतं.

चुलीचा धूर आणि चुलीची राख

आपण जेवतो, शरीर त्या अन्नाचं इंधन करतं. चूल पेटली की धूर होतो आणि राखही होते. शरीराचंही तसंच आहे. धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो रक्तात विरघळला की आम्ल बनतं, पण फुफ्फुसं तो श्वासावाटे क्षणोक्षणी बाहेर टाकतात. राख म्हणजे दुसरी आम्लं. डाळ, अंडी, मांस, मासे यांतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. ती पचून वापरली गेली की गंधकाचं आम्ल उरतं. ते श्वासावाटे जात नाही. ते काढण्याची वाट एकच, किडनी. धुराड्यातून धूर कितीही गेला तरी राख आपोआप जात नाही, ती हाताने काढावी लागते. राख साचली की चूल विझते.

रक्त किती आम्ल आणि किती अल्क, हे मोजायला पीएच नावाचं माप आहे. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ यामध्येच राहतो. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जगणं कठीण. एवढ्या चिंचोळ्या वाटेवरून शरीर जन्मभर चालतं. ते तीन टप्प्यांत सांभाळलं जातं.

पहिला पहारा रक्तातच असतो. रक्तात बायकार्बोनेट नावाचा क्षार असतो. आपल्या घरातला खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. सोड्यात लिंबू पिळलं की फेस येतो आणि आंबटपणा मरतो. रक्तातलं बायकार्बोनेट आम्लाला असंच लगेच शांत करतं. दुसरा पहारा फुफ्फुसांचा. आम्ल वाढलं की काही मिनिटांत श्वास खोल आणि जलद होतो आणि जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. तिसरा पहारा किडनीचा. तो सावकाश चालतो, पूर्ण जोर धरायला काही दिवस लागतात, पण हिशेब शेवटी तोच पुरा करतो.

किडनी यात दोन कामं करते. गाळणीतून बाहेर पडलेलं जवळजवळ सगळं बायकार्बोनेट परत रक्तात घेते, हे पहिलं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. दिवसभरात राख शांत करताना जे बायकार्बोनेट खर्ची पडलं, ते नवीन बनवून रक्तात भरते. किडनीच्या नळीतल्या पेशी स्वतः अमोनिया तयार करतात. आम्ल त्या अमोनियाला आणि लघवीतल्या फॉस्फेटला बांधलं जातं आणि बाहेर जातं. बाहेर टाकलेल्या प्रत्येक आम्लकणामागे एक नवा बायकार्बोनेटचा कण रक्तात जमा होतो. लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत कुठेही असू शकतो. लघवी एवढी बदलते म्हणूनच रक्त जागचं हलत नाही.

किडनी निकामी होऊ लागली की राख साचते. रक्तातलं बायकार्बोनेट २२ च्या खाली येऊ लागतं. माणूस बसल्या जागी खोल खोल श्वास घेतो. घरच्यांना दमा वाटतो, मग पंप आणला जातो. पण छाती बिघडलेली नसते, ती किडनीचं उरलेलं काम अंगावर घेत असते. हे महिनोन् महिने चाललं तर शरीर आम्ल शांत करायला हाडांमधला क्षार वापरतं, हाडं ठिसूळ होतात. मांस झडतं. लहान मूल असेल तर त्याची वाढ खुंटते. म्हणूनच किडनीच्या काही पेशंटना डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. 'साधा सोडा तर आहे' म्हणून त्या गोळ्या बंद करू नका.

मीठ आणि पाणी

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ या मर्यादेत असतं. सोडियम आणि पाणी नेहमी जोडीने चालतात. शरीरात मीठ साठलं की ते पाणी धरून ठेवतं. त्यातून पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा येतो, बीपी चढतं.

किती मीठ आणि किती पाणी ठेवायचं, याचा हुकूम किडनीला दुसरीकडून येतो. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. तिच्यातून निघणारं अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, सोडियम आत घे आणि पोटॅशियम बाहेर टाक. मेंदूकडून येणारं दुसरं संप्रेरक सांगतं, पाणी वाचव. उन्हात बिगारी काम करून घरी आल्यावर लघवी थोडी आणि गर्द पिवळी होते, ती याच हुकमामुळे. पण किडनी पाणी वाचवू शकते, नवीन पाणी तयार करू शकत नाही. शरीराची घाण बाहेर न्यायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच.

आपल्या कितीतरी बहिणी कामाच्या जागी संडास नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून धरल्याने जंतुसंसर्ग होतो, घट्ट लघवीत खडे धरतात. त्यांना 'पाणी जास्त प्या' असं सांगून उपयोग नाही. जिथे बाई राबते तिथे तिच्यासाठी पाणी आणि स्वच्छ संडास हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तिच्या किडनीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

पोटॅशियम: पेशीच्या आत जीव, रक्तात जास्त झालं तर घात

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात असतं अगदी थोडं, रिपोर्टमध्ये साधारण ३.५ ते ५. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा तीसपटीहून जास्त असतं. आत जास्त आणि बाहेर कमी, या फरकावरच नसांतून संदेश जातो, स्नायू आकसतात आणि हृदयाचा ठोका पडतो.

आता हे लक्षात घ्या. आपण एका दिवसात अन्नातून जेवढं पोटॅशियम खातो, ते पेशींच्या बाहेर असलेल्या सगळ्या पोटॅशियमएवढं असू शकतं. तरी आपल्याला काही होत नाही, कारण जेवल्याबरोबर इन्सुलिन त्यातलं बरंचसं पेशींच्या आत ढकलतं आणि पुढच्या काही तासांत किडनी वरचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकते. रोज बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के किडनीवाटे जातं.

किडनी बंद पडली की हा दरवाजा बंद होतो. त्यात रक्तातलं आम्ल वाढलेलं असेल तर पेशी थोडं आम्ल आत घेतात आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर सोडतात. म्हणजे दोन्हीकडून भर. पोटॅशियम साडेसहा-सातच्या पुढे गेलं की हृदयाची लय बिघडू शकते. याची वाईट गोष्ट अशी की ते दुखत नाही. पाय जड होतात, हातापायांत मुंग्या येतात, अशक्तपणा वाटतो. घरच्यांना वाटतं, अंगात ताकद नाही, फळांचा रस द्या. आणि नारळपाणी, केळं, मोसंबी, सुकामेवा हे सगळं पोटॅशियमने भरलेलं. एका शहाळ्याच्या पाण्यात केळ्याइतकं, कधी त्याहूनही जास्त पोटॅशियम असतं.

निरोगी माणसाला शहाळं चांगलंच आहे. ज्याची किडनी चालते त्याने फळं, पालेभाज्या भरपूर खाव्यात. वस्तू तीच आहे, ती सांभाळणारा अवयव बदलला आहे. त्या बाईला एवढंच सांगायला हवं होतं.

दवाखान्यात अशा वेळी काय करतात तेही सांगते. हृदयाला आधार म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम तात्पुरतं पेशींत ढकलतात आणि शेवटी डायलिसिसने ते शरीराबाहेर काढतात. पहिल्या दोन उपायांनी फक्त वेळ मिळतो. म्हणून उशीर चालत नाही.

डायलिसिसची पाळी का चुकवायची नाही

आठवड्याचे तास १६८. किडनी सगळे १६८ तास काम करते. आठवड्यातून तीनदा चार तास डायलिसिस झालं तर ते होतात १२ तास. दोनदाच झालं तर ८. त्या तासांत मशीन साठलेलं पोटॅशियम, पाणी आणि युरिया काढतं आणि डायलिसिसच्या पाण्यातून रक्ताला बायकार्बोनेट परत देतं. बाकीचे सगळे तास आपल्या खाण्यापिण्यावर निभावून न्यायचे असतात. दोन पाळ्यांमध्ये जितकं अंतर जास्त, तितका धोका जास्त. लग्न असो, मयत असो, गावी जायचं असेल तर आधी डायलिसिसच्या सिस्टरला सांगा. त्या गावाजवळच्या केंद्रावर सोय होते का, ते विचारा.

खर्चाची चिंता मोठी असते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटा. गरीब पेशंटना मोफत डायलिसिस देण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही सुरू केला आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

जुलाब लागले तर

पातळ जुलाबात नुसतं पाणी जात नाही. सोडियम जातं, पोटॅशियम जातं आणि बायकार्बोनेटही जातं. म्हणजे रक्त एकाच वेळी कोरडं पडतं आणि आम्लाकडे झुकतं. किडनी पाणी आणि मीठ वाचवायला लागते, पण रक्त फारच कमी झालं तर तिलाच पुरेसं रक्त मिळत नाही आणि ती बंद पडू लागते. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, हे धोक्याचं लक्षण.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. सीमेजवळच्या बनगाव इथे पटकी पसरली, सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पेशंटना पाजायला सुरुवात केली. पाजायचं काम नातेवाईकांनीच केलं. मरणाचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. गेलेलं पाणी, गेलेलं मीठ आणि गेलेलं बायकार्बोनेट तोंडावाटे परत दिलं तर उरलेला तोल किडनी स्वतः सांभाळते, हे तिथे हजारो माणसांवर दिसलं.

आजच्या ओआरएसच्या पुडीत एक लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सोड्याऐवजी सायट्रेट, कारण ते जास्त दिवस टिकतं आणि शरीरात गेल्यावर त्याचं बायकार्बोनेटच होतं. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. डब्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. किडनीच्या पेशंटला जुलाब लागले तर ओआरएससुद्धा डॉक्टरांना विचारून द्या, कारण त्यात पोटॅशियम आहे.

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न

विहारातल्या महिलांच्या बैठकीत मी हा विषय काढला की काही प्रश्न हमखास येतात.

*ताई, मला ॲसिडिटी आहे, म्हणजे माझं रक्त आम्ल झालंय का?* नाही. पोटातलं आम्ल पोटात असतं, अन्न पचवायला ते लागतंच. जळजळ होणं वेगळं आणि रक्तात आम्ल वाढणं वेगळं. जळजळीसाठी रोज खाण्याचा सोडा घेऊ नका. त्यातून सोडियम भरपूर जातं, बीपी आणि सूज वाढते.

*लिंबू आंबट, मग किडनीला वाईट का?* जिभेला आंबट लागतं म्हणून रक्त आम्ल होत नाही. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेटच बनतं.

*अल्कधर्मी पाण्याचं मशीन घ्यावं का?* हजारो रुपये त्यात घालू नका. रक्ताचा पीएच किडनी आणि फुफ्फुसं सांभाळतात, पाण्याची बाटली नाही. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांची रक्त-लघवी तपासून होईल.

*सैंधव मीठ चालतं का?* सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. कोणतंही मीठ असो, दिवसभरात एका माणसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा जास्त नको. लोणचं, पापड, फरसाण, सुकट यांतलं मीठही त्यातच धरायचं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ विकतात त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. किडनीच्या पेशंटने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

*आमच्या आजीचं सोडियम कमी झालं, तिला मीठ खाऊ घालू का?* परस्पर नको. सोडियम कमी आलं म्हणजे पुष्कळदा शरीरात मीठ कमी नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते उतरतं. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, ग्लानीत गेलं, तर दवाखाना गाठा.

*भरपूर पाणी प्यायलं की किडनी साफ होते ना?* किडनी म्हणजे गटार नव्हे. चांगली किडनी असेल तर तहानेप्रमाणे आणि कामाच्या घामाप्रमाणे प्या. डायलिसिसच्या पेशंटला मात्र पाणी मोजून असतं. जास्त झालं तर ते छातीत भरतं.

दुखण्याच्या गोळ्या

दिवसभर ओझी वाहून अंग ठणकतं, मग मेडिकलवरून गोळी आणायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला जायचं. आपल्याकडे हे रोजचं आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या इथे घातक ठरतात. शरीरात पाणी कमी झालं की किडनी काही द्रव्यांच्या मदतीने स्वतःकडे येणाऱ्या रक्ताची वाट उघडी ठेवते. या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं बनू देत नाहीत. रक्त घटतं, पोटॅशियम वाढतं. उन्हात घाम गाळून, किंवा जुलाब-उलट्या चालू असताना, अशी गोळी घेणं म्हणजे किडनीचा गळा आवळणं. शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. ताप किंवा साध्या दुखण्याला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे.

बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. त्या किडनी वाचवण्यासाठीच दिलेल्या असतात, म्हणून मनाने बंद करू नका. पण जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, गोळी चालू ठेवू की थांबवू.

हे कापून भिंतीवर लावा

१. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. किडनी निम्मी खराब होईपर्यंत क्रिएटिनिन कित्येकदा ठीकच दिसतं, म्हणून लघवीची तपासणी सोडू नका.

२. लघवीला न विरणारा फेस, पायावर सूज, रात्री वारंवार लघवी, भूक मरणं, मळमळ, अंगाला खाज, दम लागणं, यांतलं काही दिसलं तर तपासणी करा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

३. किडनीच्या पेशंटच्या रिपोर्टमधले तीन आकडे वहीत लिहून ठेवा: सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. मागच्या वेळेपेक्षा बदल किती, ते बघा. मर्यादा प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते, ती रिपोर्टवरच छापलेली असते.

४. पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळं, केळं, फळांचे रस, सुकामेवा टाळा. बटाटा आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. कमरख, ज्याला करमल म्हणतात, ते फळ किडनीच्या पेशंटला विषासारखं आहे, ते अजिबात नको.

५. पोटॅशियम वाढलेलं नसेल तर उगाच सगळं बंद करून पेशंटला उपाशी ठेवू नका. काय खायचं ते रिपोर्ट बघून ठरवा.

६. पाय अचानक लुळे पडणं, छातीत धडधड, खोल जलद श्वास, लघवी बंद: रात्र असली तरी निघा. डायलिसिसची फाईल सोबत घ्या आणि पोहोचल्याबरोबर सांगा, "किडनीचा पेशंट आहे, पोटॅशियम बघा."

शेवटचं एक. दवाखान्यातून निघताना हातात कागद दिला जातो. त्यावरचं इंग्रजी कळलं नाही तर तसेच उठून येऊ नका. डॉक्टरांना, सिस्टरला म्हणा, "मला मराठीत सांगा, काय खायचं, काय नाही, आणि का नाही." गर्दी असली तरी विचारा. त्यांनी कपाळाला आठी घातली तरी विचारा. समजून घेणं हा आपला हक्क आहे, आणि समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे. मी ते काम एका बाईच्या बाबतीत वेळेवर केलं नव्हतं. म्हणून आता वस्तीवस्तीत तेच करत फिरते.